मेंदूतल्या जोडण्या आणि एमआरआय: नागपुरातल्या स्वयंसेवकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संशोधनासाठी जे लोक आपणहून मेंदूचा स्कॅन द्यायला येतात, त्यांचं स्कॅनिंग मी नागपुरात करतो. दिवसभर मशीन पेशंटसाठी असते, त्यामुळे आमची पाळी संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी. संमतीपत्रात सगळं छापलेलं असतं, पण लोकांचे खरे प्रश्न दाराशी चपला काढताना सुरू होतात. तेच इथे घेतले आहेत.

मला काही आजार नाही. मग माझा एमआरआय कशाला?

पेशंटच्या एमआरआयमध्ये डॉक्टर काहीतरी शोधत असतात: गाठ, रक्तस्राव, झटक्याची खूण. आम्हाला निरोगी मेंदूची बांधणी मोजायची असते आणि त्याचे भाग एकमेकांशी कसे जोडलेले आहेत ते पाहायचं असतं. निरोगी म्हणजे काय हेच नीट माहीत नसेल, तर बिघडलेलं ओळखणार कसं?

एकाच बैठकीत तीन तऱ्हेचे स्कॅन होतात. पहिला रचनेचा. त्यात मेंदूच्या वरच्या करड्या थराची जाडी मोजता येते. हा थर जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाड असतो, संत्र्याच्या सालीसारखा. पण घड्या उलगडून पसरला तर वर्तमानपत्राच्या एका पानाएवढा होईल. दुसरा स्कॅन आतल्या पांढऱ्या भागाचा, जिथून एका भागाकडून दुसऱ्याकडे जाणारे तंतू धावतात. तिसरा मेंदू चालू असतानाचा. लोकांचे बहुतेक प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्याबद्दल असतात, म्हणून त्यांवर सविस्तर लिहितो.

म्हणजे मेंदूतल्या वायरिंगचा फोटो निघतो का?

नाही, आणि ही गोष्ट नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. चेतापेशीचा तंतू साधारण एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग जाड असतो. आमच्या मशीनचा या स्कॅनमधला सगळ्यात लहान ठोकळा, ज्याला व्हॉक्सेल म्हणतात, तो दोन मिलिमीटरचा. अशा एका ठोकळ्यात लाखो तंतू मावतात. एकेक तंतू दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

मग दिसतं काय? पाणी. मेंदूतलं पाणी सतत थरथरत, इकडेतिकडे सरकत असतं. सेकंदाच्या विसाव्या भागात त्याचा एक रेणू साधारण दहा मायक्रोमीटर सरकतो. मोकळ्या जागेत तो कुठेही जाईल. पण तंतूंच्या जुडीत त्याला आडवं जाता येत नाही. भिंती असतात, त्यावर मायलिनचं चरबीचं आवरण असतं. कडब्याच्या पेंढीत शिरलेली मुंगी जशी धांड्यांच्या लांबीने भराभर जाते आणि आडवी जाताना अडते, तसंच. पाणी कोणत्या दिशेने सहज सरकतं हे आम्ही वेगवेगळ्या दिशांनी चुंबकीय धक्के देऊन मोजतो. जिकडे पाणी जास्त सरकलं, तिकडे तंतूंची दिशा असणार, असा तर्क.

ही कल्पना १९८०च्या दशकात पुढे आली. फ्रान्सचे डेनिस ल बिहान यांचं नाव त्यात पहिलं घ्यावं लागतं. १९९४मध्ये अमेरिकेत पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक ठोकळ्यातली दिशा गणिताने काढायची रीत दिली. तीच डीटीआय, म्हणजे डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग.

मेंदूच्या चित्रांत दाखवतात ते लाल-हिरवे-निळे धागे खोटे असतात का मग?

खोटे नाहीत, पण ते काढलेले आहेत, दिसलेले नाहीत. संगणक एका ठोकळ्यातून निघतो, तिथली दिशा बघतो, पुढच्या ठोकळ्यात जातो, तिथली दिशा बघतो, आणि अशी रेघ ओढत जातो. रंगही नियमाने भरलेले: डावी-उजवीकडे जाणारे लाल, मागे-पुढे जाणारे हिरवे, वर-खाली जाणारे निळे.

अडचण कुठे येते ते नागपूरकरांना समजावणं सोपं आहे. आपल्या स्टेशनजवळचं डायमंड क्रॉसिंग आठवा. पूर्व-पश्चिम रूळ उत्तर-दक्षिण रुळांना तिथे छेदतात. समजा तुम्हाला रूळ दिसतच नाहीत; त्या चौकोनात गाड्या सरासरी कोणत्या दिशेने जातात एवढाच आकडा हातात आहे. पूर्वेकडून आलेली गाडी सरळ मुंबईकडे गेली, की वळून दिल्लीकडे? आकड्यावरून कळणार नाही. मेंदूतही हेच होतं. २०१३च्या एका अभ्यासात असा अंदाज निघाला की पांढऱ्या भागातल्या ६३ ते ९० टक्के ठोकळ्यांत तंतूंच्या एकाहून जास्त दिशा असतात. म्हणजे डायमंड क्रॉसिंग हा मेंदूत अपवाद नाही, तिथे पावलोपावली तेच आहे. म्हणून आता आम्ही पूर्वीपेक्षा किती तरी जास्त दिशांनी आणि जास्त जोराचे धक्के देऊन मोजतो, आणि तुम्हाला तेवढा वेळ जास्त पडून राहावं लागतं.

आणखी एक. पाण्याच्या हालचालीवरून रूळ उत्तर-दक्षिण आहे एवढं कळतं. गाडी अप की डाउन, ते कळत नाही. संदेश कुठून कुठे जातो हे या स्कॅनने सांगता येत नाही.

२०१७मध्ये एक मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली. जोडण्या आधीच माहीत असलेला, संगणकावर तयार केलेला मेंदू वीस चमूंना दिला आणि धागे काढायला सांगितले. खऱ्या जुड्या बहुतेकांना सापडल्या. पण त्यासोबत अस्तित्वातच नसलेल्या जुड्या त्याहून जास्त निघाल्या. मी हे प्रत्येक स्वयंसेवकाला सांगतो, कारण असं चित्र पाहून माणूस भारावतो आणि प्रत्येक धाग्यावर विश्वास ठेवतो. मोठे, जाड मार्ग, जसा दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम, भरवशाचे आहेत. शरीरविच्छेदन करणाऱ्यांनी ते हाताने सोडवून पाहिलेले आहेत. बारीक धाग्यांबद्दल आम्ही जपून बोलतो.

तिसऱ्या स्कॅनमध्ये "काहीच करू नका" सांगता. मग मोजता काय?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा तो सुमारे वीस टक्के खातो, आणि तुम्ही स्वस्थ पडलात तरी ती फारशी कमी होत नाही. एखादा भाग कामाला लागला की तिकडे प्राणवायू असलेलं रक्त जास्त जातं. प्राणवायू असलेलं आणि नसलेलं रक्त चुंबकात वेगळं वागतं. हे सेइजी ओगावा यांनी १९९०मध्ये दाखवलं आणि फंक्शनल एमआरआय त्यावर उभा राहिला. म्हणजे इथेही आम्ही चेतापेशींचे संदेश बघत नाही, त्यांच्या मागून पाच-सहा सेकंदांनी ऐन भरात येणारा रक्ताचा ओघ बघतो.

१९९५मध्ये भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल यांनी एक गोष्ट दाखवली. स्वयंसेवक नुसता पडून आहे, हात हलवत नाही. तरी डावा हात चालवणारा भाग आणि उजवा हात चालवणारा भाग एकाच लयीत वर-खाली होतात. तोवर अशा चढउतारांना बरेच जण मशीनची खरखर समजून टाकून देत. दोन भाग असे एकत्र वर-खाली होत असतील, तर त्यांचा संबंध आहे असं मानतात. संबंध म्हणजे थेट तंतू असेलच असं नाही. दोघंही तिसऱ्या एखाद्याचं ऐकत असतील. सीताबर्डी आणि वर्धमाननगरचे दिवे एकाच वेळी गेले म्हणजे त्यांच्यामध्ये थेट तार आहे असं आपण म्हणत नाही, दोन्हीकडे वीज एकाच ठिकाणाहून येत असेल असंही म्हणतो. म्हणूनच दुसरा आणि तिसरा स्कॅन आम्ही एकाच माणसाचे घेतो आणि शेजारी ठेवून बघतो.

माझ्या मनात काय चाललंय ते दिसतं का?

कामठीच्या एका आजींनी हे असं विचारलं: "का जी भाऊ, माह्या डोक्यात का चालू हाये, थे बी दिसते का ह्याच्यात?" नाही आजी, नाही दिसत. एकेका माणसाला तासन्‌तास स्कॅन करून, त्याच्या सहकार्याने, त्याने ऐकलेल्या गोष्टीचा ढोबळ आशय ओळखण्याचे प्रयोग झाले आहेत. पण तुम्ही मनात कुणाला शिव्या घातल्या, घरी काय लपवलंत, यातलं काही आमच्या पडद्यावर येत नाही. आणि पोलिसांच्या "ब्रेन मॅपिंग"शी याचा संबंध नाही. ती वेगळी चाचणी आहे आणि संमतीशिवाय ती कुणावर लादता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१०चा निकाल आहे.

शाळेत बोटांचे ठसे घेऊन मुलाचा मेंदू डावा की उजवा हे सांगतात. एमआरआयवर ते पक्कं कळेल का?

कळणार नाही, कारण तसं काही नसतं. २०१३मध्ये अमेरिकेत हजाराहून जास्त जणांचे स्वस्थ पडलेल्या अवस्थेतले स्कॅन तपासले, त्यात "डाव्या मेंदूची" आणि "उजव्या मेंदूची" अशी माणसं सापडली नाहीत. भाषेचं काम बहुतेकांत डावीकडे जास्त, लक्ष देण्याचं काही काम उजवीकडे जास्त, हे खरं. ठशांवरून बुद्धी सांगण्याला शास्त्राचा आधार नाही. तुमचे पैसे वाचवा आणि मुलाला त्या अहवालावरून कोणताही शिक्का मारू नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण असा अहवाल हातात घेऊन रडवेले झालेले आईबाप मी पाहिले आहेत.

पिना, जोडवी, मंगळसूत्र: सगळंच का काढायचं?

आमचं चुंबक ३ टेस्लाचं आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण साठ हजार पट. आणि ते कधीही बंद नसतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात तेव्हा आतली तारांची गुंडाळी द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर असते. त्या थंडीत तारेला विजेचा विरोधच उरत नाही, एकदा सोडलेला प्रवाह फिरत राहतो. त्यामुळे स्कॅन चालू नसला तरी खोलीत लोखंड गेलं की ते उडतं.

कामठीच्या त्याच आजींना आम्ही तीनदा विचारलं होतं, अंगावर लोखंड आहे का. पदराची पिन काढली, केसांचे आकडे काढले, बांगड्या काढल्या, गाऊन घातला. तरी दाराशी डिटेक्टर कमरेजवळ वाजला. परकराच्या आतल्या बाजूला सेफ्टी पिनेने अडकवलेला बटवा होता, त्यात परतीचं भाडं आणि एक किल्ली. त्यांना ते सामान वाटतच नव्हतं, अंगाचाच भाग झालेला. तेव्हापासून आम्ही "अंगावर लोखंड आहे का" असं विचारत नाही. "पैसे कुठे ठेवलेत" असं विचारतो.

घट्ट बसलेली जोडवी निघत नसतील तर सांगा, ओढाताण करू नका. पेसमेकर, मेंदूतली जुनी क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण (वेल्डिंग, लेथचं काम करणाऱ्यांनी नक्की सांगावं) हे लपवू नका. मोतीबिंदूची लेन्स चालते. गुडघा बदललेला असेल, तांबी बसवलेली असेल तर कागदपत्र आणा. दातांना तारा असतील तर धोका सहसा नसतो, पण मेंदूच्या पुढच्या भागाचं चित्र वाकडं येतं. काजळ, मस्कारा पुसून या.

रेडिएशन किती?

शून्य. क्ष-किरण सीटी स्कॅनमध्ये असतात, एमआरआयमध्ये नाहीत. आमच्या स्कॅनला शिरेतून औषधही देत नाहीत.

आत किती वेळ, आणि इतका आवाज कशाचा?

एकूण पन्नास मिनिटं. आवाज तारांचा: चुंबकात बसवलेल्या दुसऱ्या तारांमधून प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा बदलतो, त्या तारा हिसका खातात आणि सगळं नळकांडं थडथडतं. कानात बोळे आणि वरून हेडफोन देतो. पाण्याच्या स्कॅनला बाकही हलतो, त्याला घाबरू नका. हातात रबरी फुगा असतो. दाबला की आम्ही थांबतो, कारण विचारत नाही. बंद जागेची भीती वाटणारे पुष्कळ असतात. एकदा नुसतं आत-बाहेर करून बघा आणि मग ठरवा.

थोडं हललं तर काय बिघडतं?

फार बिघडतं. २०१२मध्ये असं दिसून आलं की मिलिमीटरच्या आतल्या हालचालीनेही जोडण्यांचे आकडे खोटे होतात: जवळच्या भागांतले संबंध आहेत त्याहून घट्ट वाटतात, लांबच्या भागांतले सैल. आणि लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात. म्हणजे "वय वाढतं तशा लांबच्या जोडण्या पक्क्या होतात" या निष्कर्षातला काही भाग मुळात चुळबुळीचा होता. त्या एका शोधाने या क्षेत्रातल्या कितीतरी लोकांना आपलं जुनं काम पुन्हा तपासावं लागलं.

आमच्याकडे एका कॉलेजच्या मुलाने मशीनच्या ठेक्यावर पायाचा अंगठा हलवत ठेवला. आम्हाला काचेतून दिसलं नाही. अंगठ्याने डोकं किती हलणार? पण आकड्यांत ते दिसलं, आणि त्याचा पूर्ण तिसरा स्कॅन काढून टाकावा लागला. तो बिचारा पुन्हा आला, तेव्हा दगडासारखा पडून होता. खोकला, शिंक येत असेल तर दोन स्कॅनच्या मधल्या शांततेत मोकळे व्हा.

हे काम परदेशात झालेलंच आहे. नागपूरचे मेंदू वेगळे आहेत का?

मुळात वेगळे नाहीत, पण मोजमाप वेगळं असू शकतं. जगभर वर्षानुवर्षं वापरलेला मेंदूचा एक नकाशा १९८८चा, तो साठ वर्षांच्या एका फ्रेंच बाईच्या मेंदूवरून केलेला. नंतरचा सर्वांत प्रचलित नकाशा कॅनडातल्या माँट्रियलमधला, १५२ जणांचा. २०१९मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेने १०० भारतीय तरुण-तरुणींच्या स्कॅनवरून नकाशा केला. त्यात आपले मेंदू सरासरीने लांबी-रुंदी-उंचीला लहान निघाले. याचा बुद्धीशी काही संबंध नाही. पण परक्या मापाच्या साच्यात आपला मेंदू बसवला, तर निरोगी माणसाचा मेंदू "आक्रसलेला" दिसू शकतो.

शिवाय इथले प्रश्न इथलेच आहेत. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्याच्या तीव्र प्रकारात मुलांच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात रक्तपुरवठा तुटून छोटे डाग पडतात. हात-पाय लुळा पडत नाही, घरी कुणाला कळत नाही, फक्त मूल अभ्यासात मागे पडतं आणि मार खातं. हे डाग एमआरआयवरच दिसतात. परदेशातल्या अभ्यासांत अशा मुलांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त जणांत ते सापडले आहेत. आपल्या मुलांचं निरोगी माप हाताशी असेल, तर डागाच्या आसपासच्या जोडण्यांचं काय होतं तेही कळेल. या एका कारणासाठी मी रविवारची सुट्टी आनंदाने देतो.

आणि आपली लिपी. लखनौजवळच्या गावांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर स्कॅन केले. २०१७मध्ये ते प्रसिद्ध झालं. मेंदूच्या वरच्या थरातला दृष्टीचा भाग आणि खोल आतले थॅलॅमस, मेंदूस्तंभ यांची लय जास्त जुळलेली दिसली. तिशीच्या आसपासच्या, कधी शाळा न पाहिलेल्या बायकांमध्ये, सहा महिन्यांत. वाचून मी काही वेळ तसाच बसून राहिलो होतो. माझी आजी अंगठा लावायची.

पूर्ण मेंदूचा नकाशा कधी तयार होईल?

सर्व जोडण्यांच्या नकाशाला २००५पासून कनेक्टोम म्हणतात. एका इवल्या जंताच्या ३०२ चेतापेशींचा नकाशा १९८६मध्ये पूर्ण झाला. फळमाशीच्या मेंदूचा, सुमारे १ लाख ४० हजार पेशींचा, २०२४मध्ये. त्याच वर्षी माणसाच्या मेंदूच्या एका घन मिलिमीटरचा नकाशा आला: सुमारे ५७ हजार पेशी, १५ कोटी जोड. पण हे सगळं मृत ऊतीचे अतिपातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून. माणसाच्या मेंदूत ८६ अब्ज चेतापेशी आहेत. एमआरआयची ताकद वेगळी: तो जिवंत माणसाचा पूर्ण मेंदू दाखवतो, आणि तोच माणूस दहा वर्षांनी पुन्हा येऊ शकतो.

स्कॅनमध्ये काही वाईट सापडलं तर सांगाल?

संमतीपत्रात हा प्रश्न वेगळा आहे. तिथे "हो" की "नाही" ते तुम्ही ठरवायचं. घरच्यांशी बोलून, शांतपणे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये २००० प्रौढांच्या स्कॅनमध्ये सुमारे ७ टक्के लोकांत नकळत होऊन गेलेल्या छोट्या झटक्याच्या खुणा आणि जवळपास २ टक्क्यांत रक्तवाहिनीचा फुगा दिसला होता. त्यांचं सरासरी वय साठीच्या पुढे होतं. मी टेक्निशियन आहे. पडद्यावर काही दिसलं तरी मी बोलणार नाही, माझ्या चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका. रेडिओलॉजिस्ट बघतील आणि गरज असेल तरच फोन येईल.

माझं चित्र कुठे जाईल?

नाव काढून क्रमांक देतो. तेवढं पुरत नाही: डोक्याच्या स्कॅनवरून संगणकात चेहरा उभा करता येतो. अमेरिकेत २०१९मध्ये ८४ स्वयंसेवकांपैकी ८३ टक्के जण असे फोटोशी जुळवून ओळखता आले. म्हणून बाहेर देण्याआधी आम्ही चित्रातला चेहरा पुसतो. मन बदललं तर कधीही माघार घ्या, कारण द्यायची गरज नाही.

उपाशी यायचं का? सकाळी तर्री-पोहे झाले तर चालेल?

चालेल, पोटभर खाऊन या. चहाचं तेवढं सांगा: कॅफीनने मेंदूतला रक्तप्रवाह कमी होतो, म्हणून शेवटचा कप किती वाजता घेतला ते आम्ही लिहून घेतो. चहा सोडून येऊ नका, रोजच्यासारखाच घ्या. आणि आत जाण्याआधी लघवीला जाऊन या. पन्नास मिनिटं जास्त असतात.